पिलूं जेवत नाहीं!

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलें जातें. त्यांच्याविषयींची एक आख्यायिका आपल्याकडील बहुतेक मुलांनीं आजीच्या तोंडून ऐकलेली असते. कुत्र्यानें भाकरी पळविली, आणि ती त्यानें कोरडी खाऊं नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. कथेचा आशय सर्वांभूतीं ईश्वर पाहण्याचा. श्वानाच्या आहाराचें शास्त्र सांगणें हा तिचा हेतु नव्हे. परंतु वसमतच्या आमच्या मावशींच्या घरीं गेल्या वर्षीं जें घडलें त्यावरून मला वाटूं लागलें आहे कीं, आपण माणसें कथेंतील ईश्वर विसरतों आणि तुपाची वाटी तेवढी लक्षांत ठेवतों.

मावशींच्या वाड्याच्या मागील दारीं पावसाळ्यांत एक गांवठी पिलूं येऊन बसलें. वय दीड-दोन महिन्यांचें, आईचा पत्ता नाहीं. घर अकरा माणसांचें, तेव्हां लाडाला तोटा नव्हता. प्रथम त्याला दूध दिलें. त्याचें पोट बिघडलें. मग दूध बंद करून तूप लावलेली पोळी सुरू झाली. पंधरा दिवसांत पिलानें पोळी हुंगून मान फिरविण्यास आरंभ केला, आणि घरांत एकच वाक्य सर्वांच्या तोंडीं झालें, ‘अहो, हें जेवतच नाहीं!’ साडेतीन महिन्यांचें होतें न होतें तोंच त्याचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूस वळूं लागले, आणि चालतांना तें लंगडूं लागलें.

पशुवैद्यांनीं पाय पाहिले आणि मावशींस एवढेंच सांगितलें कीं, दिवसभरांत घरांतील कोण काय देतें तें एका कागदावर लिहून आणा. तो कागद मीं पाहिला आहे. सकाळीं काकांच्या चहाबरोबर दोन बिस्किटें, मुलें शाळेस जातांना पोळीचा उरलेला तुकडा, देवपूजेनंतर आजींच्या हातचा पेढ्याचा कण, दुपारीं दहींभात, तिसऱ्या प्रहरीं पुन्हां बिस्किटें, सायंकाळीं शेव. रात्रीं त्याच्या स्वतःच्या वाडग्यांत वरणांत कुस्करलेली भाकरी पडे, आणि ती मात्र तसाच राही. ज्या प्राण्याचें पोट दिवसभर गोडाधोडानें भरलें आहे त्यास रात्रीं भूक कोठून लागावी? पिलूं नखरेल नव्हतें. त्याचा नखरा अकरा माणसांनीं मिळून घडविला होता.

पाय वाकण्याचें कारणहि त्याच कागदावर होतें. धान्यांत फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम फार थोडें असतें. वाढत्या पिलास आहारांतून कॅल्शियम मिळालें नाहीं, तर शरीर तें त्याच्याच हाडांतून काढून घेऊं लागतें. नुसत्या मांसावर वाढविलेल्या पिलाचीहि हीच गत होते, कारण मांसांतहि हेंच प्रमाण उलटें असतें. दुसरी उणीव ड जीवनसत्त्वाची. १९१९ च्या सुमारास इंग्लंडांत एडवर्ड मेलन्बी यांनीं कुत्र्याच्या पिलांस मुख्यतः धान्याचा आहार देऊन त्यांच्यांत मुडदूस उत्पन्न करून दाखविला, आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलानें तो टळतो हेंहि सिद्ध केलें. माणसाच्या मुलांचा मुडदूस कशानें होतो हें समजण्यास त्या पिलांची मोठी मदत झाली. ‘पण आमच्या मराठवाड्यांत उन्हाची काय वाण?’ असें मावशींनीं विचारलेंच. माणसाच्या त्वचेंत उन्हानें जें जीवनसत्त्व तयार होतें तें कुत्र्याच्या त्वचेंत पुरेसें होत नाहीं. त्यास तें अन्नांतूनच मिळावें लागतें.

म्हणजे भाकरी-पोळी विषवत् आहे काय? मुळींच नाहीं. माणसाच्या सहवासांत कुत्रा पिष्टमय अन्न पचविण्यास शिकला आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, पिष्ट पचविणाऱ्या रसासाठीं लागणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या चार ते तीस आढळतात. ज्वारीची भाकरी चालेल. परंतु ती जेवणाचा एक भाग म्हणून, सगळें जेवण म्हणून नव्हे. वाढत्या पिलाच्या कोरड्या अन्नांत शेंकडा बावीस-तेवीस भाग तरी प्रथिनें लागतात. कुत्रीच्या दुधांत गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिनें व स्निग्धांश असतो, यावरून त्याची गरज ध्यानांत यावी.

येथें आपल्या घरांतील खरा पेंच उभा राहतो. मावशींच्या स्वयंपाकघरांत अंडें आजवर आलेलें नाहीं. पनीर, थोडें दहीं, चांगली शिजविलेली डाळ यांनीं प्रथिनांची कांहीं भर पडते. सोयाबीन तर हिंगोलीकडे शेतोशेतीं. मात्र तें कच्चें देऊं नये, कारण कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनें पचूं न देणारें द्रव्य असतें. तथापि नुसत्या अंदाजानें बनविलेल्या शाकाहारी जेवणावर पिलूं वाढविणें हा धोक्याचा प्रयोग आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. वैद्यांनीं दोन मार्ग सांगितले: शिजविलेलें अंडें व त्यांच्या सल्ल्यानें बेतलेलें घरचें अन्न, किंवा पिलांसाठीं तयार मिळणारें संपूर्ण अन्न, आणि अशा तयार अन्नांत बहुधा मांसाचा अंश असतो, हेंहि लपविलें नाहीं. घरांत दोन दिवस वाद झाला. शेवटीं आजींनींच निवाडा दिला. वैश्वदेवाच्या बलींत कुत्र्याचा वांटा असतो तो कुत्र्याला मानवेल असाच हवा; पिशवी पडवींत ठेवा, त्याचें भांडें निराळें करा, आणि हात धुवून घरांत या.

त्यापुढील काम शिस्तीचें होतें. तीन महिन्यांपर्यंत दिवसांतून चार वेळां, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां, पुढें दोन वेळां, असा क्रम ठरला. वाडगें ठेवावें, वीस मिनिटांनीं उचलावें, मधल्या वेळीं एक कणहि देऊं नये. नवें अन्न एकदम न बदलतां आठवडाभरांत जुन्यांत थोडें थोडें मिसळत जावें. प्रारंभीं कोमट पाण्यानें भिजविल्यास वास सुटतो व पिलूं ओढलें जातें. उन्हाळ्यांत भिजलेलें अन्न तासभरहि उघडें राहूं देऊं नये. सर्वांत कठीण भाग मुलांचा नव्हे, काकांचा ठरला. त्यांच्या खिशांतून बिस्किटें निघत राहिलीं. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र आपल्या मनानें कोणीं देऊं नयेत. मोठ्या जातीच्या पिलांस अधिक कॅल्शियमहि हाडांच्या विकृतीस कारण होतें.

कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका, चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यास विषारी आहेत. फोडणीच्या वरणांत व शिऱ्यांत हे सहज जातात, म्हणून घरांतील बायकांनीं विशेष जपावें. शिजविलेलीं हाडें फुटून आंतड्यांत रुततात. तूप अति झाल्यास पोट बिघडतें. हळदीचें म्हणाल तर वसमतकडे ती प्रत्येक दुखण्यावर पुढें येते. जेवणांतील चिमूटभर हळदीनें नुकसान नाहीं, पण तिनें वाकलेला पाय सरळ होत नाहीं.

एक भेद मात्र विसरूं नये. खेळणारें, उड्या मारणारें पिलूं एक वाडगें सोडतें तें बहुधा लाडानें, किंवा चवथ्या-पांचव्या महिन्यांत दांत पडतांना हिरड्या दुखतात म्हणून. परंतु मलूल होऊन कोपऱ्यांत बसलेलें, ओकणारें, पातळ किंवा रक्तमिश्रित शौचास होणारें पिलूं अन्न नाकारतें, तेव्हां वाडग्याचा विचार सोडून तत्काळ पशुवैद्य गांठावा. पार्व्हो नांवाचा रोग लस न टोंचलेल्या पिलास दोन-तीन दिवसांत नेतो. जंतांनींहि भूक मरते, म्हणून जंताचें औषध वेळच्या वेळीं हवें. अगदीं लहान पिलास, हट्ट मोडावा म्हणून, दिवसभर उपाशी ठेवणें हेंहि चूकच; त्याच्या रक्तांतील साखर उतरून तें गळून जातें.

मावशींच्या पिलाचा डावा पाय तीन महिन्यांत बहुतेक सरळ झाला. उजवा अद्याप किंचित बाहेर वळलेला आहे, आणि वैद्य म्हणतात तो तसाच राहील. पळण्यास त्याची अडचण नाहीं. वाडगें वाजलें कीं तें पडवींत सर्वांच्या आधीं हजर असतें. काकांचा चहा झाला कीं त्यांच्या खिशाकडे पाहत बसतें, आणि काका दुसरीकडे पाहतात.