भरतीला जाणारा मुलगा झोपेत चालतो, मग?

मागच्या उन्हाळ्यात जळगावच्या एका वस्तीत महिलांची बैठक संपली आणि एक आई मागे थांबली. मुलगा १८ वर्षांचा, अग्निवीरची तयारी करतो, पहाटे ४ ला धावायला जातो. "ताई, हा झोपेतच उठून दाराकडे चालत जातो. सकाळी विचारलं तर काही आठवत नाही. मी रात्री त्याचा पाय साडीच्या काठानं खाटेला बांधते. भरतीत हे सांगायचं का? सासूबाई म्हणतात, भगताकडे ने."

पाय बांधू नका, हे मी आधी सांगितलं. अर्धवट झोपेत उठलेला मुलगा खाटेसकट पडतो. दाराला वरची कडी लावा, विळी-कोयते उचलून ठेवा. तो उठलाच तर ओरडू नका, गदागदा हलवू नका. हाताला धरून हळूच परत निजवा. आणि भगताचे पैसे वाचवा. हे भूत नव्हे. गाढ झोपेत मेंदूचा काही भाग जागा होतो, बाकीचा झोपलेलाच राहतो. बहुतेक वेळा हे झोप लागल्यावरच्या पहिल्या काही तासांत होतं. लहान मुलांत पुष्कळ दिसतं आणि वयात येताना बहुतेकांचं थांबतं. ताप आला किंवा झोप अपुरी पडली की पुन्हा उचल खातं.

या मुलाची झोप किती? रात्री १ पर्यंत मोबाईल, ४ ला ग्राउंड. म्हणजे ३ तास! वर पत्र्याचं घर. मे महिन्यात आपल्याकडे पत्रा मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. या वयाला ८ तास तरी हवेत. जळगाव काय, धुळे काय, दिवसा पेंगणाऱ्या पोरांपैकी बऱ्याच जणांना आजार नसतोच, झोपेची उधारी असते.

पण काही खुणा वेगळ्या आहेत. झोपेत हातपाय झटके देतात, जीभ चावली जाते, कपडे ओले होतात: ही फिट असू शकते. घोरता घोरता श्वास अडकतो आणि दचकून जाग येते. पुरेशी झोप होऊनही दिवसा बसल्या जागी डोळा लागतो, खळखळून हसताना गुडघे लुळे पडतात. यातलं काही दिसलं तर घरच्या मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या परस्पर आणू नका.

आता भरतीचं. आपल्या घरांना फौज नवी नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते आणि बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामुळे पोरगा नापास झाला तर घराला केवढं लागतं, मला कळतं. एनडीए-सीडीएस परीक्षांच्या जाहिरातीत वैद्यकीय निकष छापलेले असत. निद्रानाश, भयंकर स्वप्नं, झोपेत चालणं, अंथरूण ओलं करणं हे वारंवार किंवा सतत होत असेल तर उमेदवार नाकारला जातो, असं त्यात होतं. शब्द नीट वाचा: वारंवार किंवा सतत. सातव्या वर्षी तापात दोनदा उठून बसला होता, ही गोष्ट वेगळी. मागच्या महिन्यात चारदा चालला, ही वेगळी.

लपवून आत गेला तर? तपासणीत आधीचे आजार विचारतात. खोटं सांगितल्याचं नंतर उघड झालं तर नाव कमी होतं. शिवाय बराकीत रात्रीचा पहारा असतो, झोप मोडते, शेजारी हत्यारं असतात. तिथे हा झोपेत उठला तर त्याच्याही आणि शेजारच्याच्याही जिवाशी गाठ आहे. तपासणीत अनफिट ठरवलं तर लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते, तेव्हा डॉक्टरांचे कागद जवळ असू द्या.

त्या आईला मी एक वही दिली. झोपला किती वाजता, उठला किती वाजता, चालला का. ग्राउंड संध्याकाळी केलं, मोबाईल रात्री ९ ला आईच्या डब्यात. महिन्याभरात चालणं चारवरून एकावर आलं. वही घेऊन दोघं डॉक्टरांकडे गेले, त्यांनी फिट नसल्याची खात्री करायला मेंदूचा आलेख काढायला सांगितला. मुलाने या वर्षीचा फॉर्म भरलेला नाही. पुढच्या वर्षीही त्याचं वय बसतं.