जखमेवरची खपली : खाज का सुटते, काळजी काय घ्यावी?

विळ्याने बोट कापो, बैलाच्या मानेला जू घासो, की राखणीच्या कुत्र्याच्या पायाला कुंपणाची तार लागो, दोन-तीन दिवसांत एकच गोष्ट दिसते. जखमेवर खपली धरते आणि खाज सुटू लागते. माणूस नखाने खपली काढतो, बैल खुंट्याला मान घासतो, कुत्रे जखम चाटत बसते. भरत आलेली जखम त्यामुळे पुन्हा उघडी पडते. खपली व खाज यांमागील कारण समजून घेतल्यास हे नुकसान टाळता येते.

खपली कशी तयार होते?

त्वचा फाटताच तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रक्तातील प्लेटलेट पेशी जखमेच्या तोंडाशी गोळा होतात. फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे तयार होते, त्यात तांबड्या पेशी अडकतात व रक्त साकळते. हे साकळलेले रक्त आणि जखमेतील लस वाळली म्हणजे खपली होते. ती धूळ व जंतूंना अडवते. तिच्याखाली जखमेच्या कडांकडून नवी त्वचा आत सरकत येते. त्वचा पूर्ण झाली की खपली आपोआप गळते.

खाज का सुटते?

जखम भरताना शरीरातील पेशी हिस्टामिन व इतर द्रव्ये सोडतात. त्यामुळे रक्तपुरवठा वाढतो, पण खाजेच्या मज्जातंतूंनाही चेतना मिळते. शिवाय वाळणारी खपली आक्रसून भोवतालची त्वचा ओढते. म्हणून जखमेपुरती मर्यादित व दिवसेंदिवस कमी होणारी खाज बहुधा जखम भरत असल्याचे लक्षण असते.

जखमेची निगा

१) जखम स्वच्छ पाण्याने धुवावी. राख, शेण, माती लावू नये. मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. खोल जखम झाल्यास धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे.

२) माणसाची लहान जखम स्वच्छ पट्टीने झाकून किंचित ओलसर ठेवावी. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरील प्रयोगात दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने नवी त्वचा धरते.

३) मानेवर जखम असलेल्या बैलास नवी त्वचा येईपर्यंत जुंपू नये. खपली निघालेल्या जखमेच्या कडेला माश्या अंडी घालतात व साधारण एका दिवसात अळ्या पडतात. अळ्या दिसताच पशुवैद्यकाकडून उपचार करून घ्यावेत.

४) आपली जखम कुत्र्याला चाटू देऊ नये. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून रेबीज होतो. चाटल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे.

ही खाज वेगळी ओळखा

जखम झालेली नसताना खाज सुटते, रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठते आणि घरातील इतरांनाही तोच त्रास होतो, तेव्हा खरुजेची शंका घ्यावी. खरुजेची मादी त्वचेत बोगदा करून अंडी घालते. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसास खाज काही आठवड्यांनी सुटते, पण तोपर्यंत तो इतरांना लागण देऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला उपचार घरातील सर्वांनी एकाच वेळी करावा. कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे.

जनावरांत केस गळणे, कातडी जाड होणे व त्यावर खपल्या धरणे ही खरुजेची लक्षणे आहेत. असे जनावर वेगळे बांधावे. जळके ऑईल किंवा पिकावरचे कीटकनाशक अंगाला चोळू नये. जनावर ते चाटते व विषबाधा होऊ शकते. औषधाची मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी आणि दुभत्या जनावराचे दूध किती दिवस वापरू नये, हेही विचारावे.

थोडक्यात, जखमेवरची खाज सोसावी व खपली तिच्या वेळेने गळू द्यावी. जखमेविना पसरणाऱ्या खाजेवर मात्र त्वरित उपचार करावेत.