दाखल्यावांचून आलेला संगणक

श्रोतेहो, चाकण म्हटलें कीं माझ्यासारख्या शिक्षकाला प्रथम आठवतो तो तेथला संग्रामदुर्ग, आणि १६६० सालीं शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें तो पन्नासाहून अधिक दिवस झुंजविणारे फिरंगोजी नरसाळे. हा धडा मीं वर्षानुवर्षें शिकविला. आज त्या चाकणच्या आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवडच्या परिसरांत मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे आहेत; तळवडें, हिंजवडी येथें संगणकावर चालणाऱ्या मोठमोठ्या कचेऱ्या आहेत. तेथले संगणक तीन-चार वर्षांनीं बदलले जातात. जुने बाहेर पडतात, दुरुस्त होतात आणि बाजारांत येतात. नवा संगणक घेण्याची ज्यांची ऐपत नाहीं, अशा घरांतील मुलें त्यांवरच शिकतात. असा एखादा संगणक कुलूपबंद निघाला तर काय करावें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. यंत्रविद्या माझी नव्हे. परंतु हा प्रसंग आमच्या शेजारींच घडला, आणि त्यांतून जें शिकलों तें चार जणांच्या उपयोगीं पडावें एवढाच हेतु.

आमच्या शेजारीं लातूरकडील एक गृहस्थ राहतात. चाकणच्या एका कारखान्यांत ते कंत्राटी कामगार आहेत. त्यांची मुलगी तंत्रनिकेतनांत पहिल्या वर्षाला. तिच्यासाठीं त्यांनीं चौदा हजार रुपये मोजून एक जुना लॅपटॉप आणला. घरीं येऊन तो सुरू केला, तों पडद्यावर कोणा अनोळखी माणसाचें नांव आणि त्याखालीं पासवर्डची रिकामी चौकट! दुकानदाराला फोन केला, तेव्हां "फॉरमॅट मारा, सगळें निघून जाईल" एवढेंच बोलून त्यानें फोन ठेवला. संध्याकाळीं ती मुलगी माझ्याकडे आली. "आजोबा, फॉरमॅट मारला तर हा बिघडणार नाहीं ना? बाबांचा महिन्याचा पगार गेलाय यांत."

माझा एक जुना विद्यार्थी संगणक-दुरुस्तीचें काम करतो. त्याला बोलावून घेतलें. तो म्हणाला, "गुरुजी, कुलूप उघडण्याआधीं तें कोठें लावलें आहे तें पाहूं." हें त्याचें बोलणें मला फार महत्त्वाचें वाटतें. कुलूप दिसतें पडद्यावर. परंतु तें लावलेलें असतें निरनिराळ्या जागीं, आणि उपाय त्या जागेवर अवलंबून असतो.

पहिली जागा म्हणजे हार्ड डिस्क. विंडोज ही कार्यप्रणाली या डिस्कवर लिहिलेली असते आणि तिचा पासवर्डहि तेथेंच असतो. पाटीवर लिहिलेल्या गणितासारखा हा प्रकार आहे. पाटी पुसली कीं गणित जातें, पाटी मात्र शाबूत राहते. कित्येक संगणकांत डिस्कवरील सर्व मजकूर गुप्त लिपींत ठेवलेला असतो. विंडोजमधील या सोयीला बिटलॉकर म्हणतात व ती २००७ पासून आहे. तिची राखीव किल्ली ४८ आंकड्यांची असते. ती हातीं नसेल तर तो मजकूर वाचतां येत नाहीं. परंतु पुसतां मात्र येतो. आणि पूर्वीच्या मालकाचा मजकूर वाचण्याचें आपणांस कारणच काय?

दुसरी जागा म्हणजे यंत्राच्या पोटांतील एक लहानशी चिप. संगणक सुरू होतांच, कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वींच, पासवर्ड मागितला गेला तर कुलूप या चिपेंत आहे असें समजावें. डिस्क पुसून, किंबहुना नवी डिस्क बसवूनहि, हें निघत नाहीं. फार जुन्या संगणकांत ही नोंद एका लहान बॅटरीच्या बळावर टिकत असे. ती बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली कीं यंत्राला पासवर्डचा विसर पडे. हा उपाय आजहि पुष्कळ लोक सांगतात. परंतु हल्लींच्या बहुतेक लॅपटॉपांत ही नोंद विजेवांचून टिकते, त्यामुळें बॅटरी काढून कांहीं साधत नाहीं. अशा वेळीं खरेदीची पावती घेऊन यंत्र बनविणाऱ्याच्या सेवाकेंद्राकडे जाणें हाच मार्ग उरतो, आणि तेथेंहि कधीं कधीं आंतील मुख्य पट्टीच बदलावी लागते. जुनें यंत्र घेतांना दुकानांतच तें पूर्ण बंद करून पुन्हां सुरू करून पाहावें तें यासाठींच.

आमच्या लॅपटॉपचें कुलूप पहिल्या प्रकारचें दिसलें. तेव्हां विद्यार्थ्यानें पाटी पुसावयास घेतली. ती कृति थोडक्यांत अशी. दुसऱ्या एखाद्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विंडोजची प्रत घ्यावी आणि ती निदान ८ जी. बी.च्या पेन ड्राइव्हवर उतरवावी. त्या पेन ड्राइव्हवर आधीं असलेलें सर्व नाहींसें होतें, म्हणून तो रिकामाच घ्यावा. कोणा अनोळखी माणसानें दिलेली प्रत वापरूं नये. चोर किल्लीबरोबर घरांत येण्यासारखें तें आहे. मग लॅपटॉपला चार्जर लावून, पेन ड्राइव्ह खोंचून तो सुरू करावा, आणि सुरू होतांना ठराविक कळ दाबून, "डिस्कवरून नव्हे, पेन ड्राइव्हवरून चालू हो" असें त्याला सांगावें. ही कळ कोठें एफ-१२, कोठें एफ-९, कोठें एस्केप, अशी बनावटीप्रमाणें बदलते. पुढें डिस्कचे जे भाग पडद्यावर दिसतात ते सर्व काढून टाकावे, म्हणजे मोकळी डिस्क उरते, आणि तिच्यावर नवी प्रत बसवावी. कित्येक जण येथें गडबडीनें केवळ एकच भाग पुसतात, आणि मग जुन्याचे अवशेष नव्याला अडवितात.

परवान्याचा प्रश्न बहुधा येत नाहीं. २०१२ च्या विंडोज ८ पासून ज्या यंत्रांबरोबर ही कार्यप्रणाली कारखान्यांतूनच आली, त्यांतील बहुतेकांच्या परवान्याची खूण यंत्रांतच कोरलेली असते. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विंडोज १० ची नेहमींची देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि विंडोज ११ ला टी. पी. एम. २.० नांवाची सुरक्षा-चिप लागते. ती नसलेलें यंत्र निरुपयोगी ठरतें असें नव्हे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं सुरू केलेली लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली त्यावर घालतां येते, आणि तिच्यावर देवनागरींत लिहिण्याचीहि सोय आहे.

तासाभरांत काम झालें. जुनें नांव गेलें, नवा पडदा आला. मुलीनें पेढे आणण्याची गोष्ट काढली. मग विद्यार्थ्यानें यंत्र इंटरनेटला जोडलें, आणि एका मोठ्या कंपनीचें नांव पडद्यावर झळकलें! "आमच्या कंपनींत आपलें स्वागत असो, आपला कचेरीचा पत्ता व पासवर्ड द्या," अशा अर्थाचा मजकूर त्याखालीं होता. पाटी स्वच्छ पुसलेली असतां हें अक्षर आलें कोठून?

श्रोतेहो, ही कुलुपाची तिसरी जागा. आणि ती मला चटकन् उमगली याचें कारण माझा पेशा. शाळेंत एक जनरल रजिस्टर असतें. मुलानें आपली पाटी हजार वेळां पुसली म्हणून त्या रजिस्टरांतील त्याचें नांव खोडलें जात नाहीं. तें खोडून शाळा त्याला दाखला देते, आणि तो दाखला पाहून दुसरी शाळा त्याला पटावर घेते. मोठ्या कंपन्या आपल्या प्रत्येक संगणकाची ओळख अशाच एका रजिस्टरांत नोंदवितात. तें रजिस्टर त्या संगणकांत नसून दूर मायक्रोसॉफ्टच्या संगणकांवर असतें. २०१७ पासूनच्या या पद्धतीला ऑटोपायलट म्हणतात. नव्यानें बसविलेली विंडोज इंटरनेटला लागतांच आपली ओळख तेथें कळविते, आणि तेथून उत्तर येतें, "हा अमुक कंपनीचा." ॲपलच्या संगणकांतहि असाच बंदोबस्त आहे. फोनला तो २०१३ पासून, आणि विशिष्ट सुरक्षा-चिप असलेल्या मॅक संगणकांना २०१९ पासून मिळाला. पूर्वीच्या मालकानें आपल्या खात्यांतून तें यंत्र काढल्यावांचून तें नव्या मालकाचें होत नाहीं. तो परगांवीं असला तरी हें काम दुरून करूं शकतो.

विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला; मग हळूच म्हणाला, "गुरुजी, यावर लिनक्स घातली तर हें कोणी विचारणार नाहीं." हें खरें होतें. लिनक्स त्या रजिस्टराकडे जातच नाहीं. समोर मुलगी उभी होती. तिचा प्रकल्प आठवड्यावर आला होता. मीं तिच्या वडिलांकडे पाहिलें. त्यांनीं विचारलें, "हें चोरीचें निघालें तर?"

"तर परत द्यावें लागेल. पैशांसाठीं दुकानदाराशीं भांडावें लागेल, आणि ते मिळतीलच असें नाहीं."

ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "द्या लिहून कंपनीला. पोरीनं दुसऱ्याच्या वस्तूवर अभ्यास करायला नको."

त्यांना कायद्याचें कलम ठाऊक नव्हतें. मलाहि मागाहून कळलें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाप्रमाणें, वस्तु चोरीची आहे हें ठाऊक असतां, किंवा तसें मानावयास कारण असतां, ती अप्रामाणिकपणें घेणें वा जवळ ठेवणें हा गुन्हा आहे. पडद्यावर दुसऱ्याचें नांव दिसल्यावर "मला कारण दिसलें नाहीं" असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

आम्हीं कंपनीला पत्र लिहिलें. लॅपटॉपच्या पाठीवरील अनुक्रमांक, खरेदीची तारीख, पैसे दिल्याची फोनवरील नोंद आणि दुकानदाराकडून हट्टानें मिळविलेली पावती, एवढें त्यासोबत जोडलें. अकरा दिवस गेले. मुलीनें प्रकल्प मैत्रिणीच्या संगणकावर रात्रीं जागून पुरा केला. बाराव्या दिवशीं उत्तर आलें. तें यंत्र कंपनीनें इतर जुन्या यंत्रांबरोबर रीतसर विकून टाकलें होतें. केवळ रजिस्टरांतील नांव खोडावयाचें राहिलें होतें. तें आतां खोडलें असून, तसदीबद्दल दिलगिरीहि कळविली होती. त्या रात्रीं विद्यार्थ्यानें पुन्हां सर्व पुसून विंडोज घातली. या खेपेस पडद्यावर कोणाचेंच नांव आलें नाहीं. चौकटींत मुलीनें आपलें नांव लिहिलें.

यावरून घेणाऱ्यानें काय शिकावें? पैसे देण्यापूर्वीं दुकानांतच यंत्र पुसून, नवी प्रत घालून, इंटरनेटला जोडून दाखविण्यास सांगावें. जो दुकानदार "घरीं करा" म्हणतो त्याच्याकडून घेऊं नये. अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. कुलूप निघालेंच, तर तें कोठें आहे तें आधीं ओळखावें. डिस्कवर असेल तर पुसून निघतें. चिपेंत असेल तर बनविणाऱ्याकडे जावें. रजिस्टरांत असेल तर मालकालाच विचारावें.

विकणाऱ्याचेंहि एक कर्तव्य आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनीं मोठ्या संस्थांवर असें बंधन घातलें आहे कीं त्यांनीं टाकाऊ यंत्रें नोंदणीकृत उत्पादकाकडे, दुरुस्ती करणाऱ्याकडे वा पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावीं. परंतु यंत्र दिलें म्हणजे काम संपलें नाहीं. रजिस्टरांतील नांव खोडावें, आणि डिस्कहि नीट पुसावी. नुसती फाइल खोडली तर अनुक्रमणिकेंतील ओळ तेवढी जाते, पुस्तकांतील पान तसेंच राहतें. अमेरिकेंतील गारफिंकेल व शेलाट या दोघां संशोधकांनीं जुन्या बाजारांतून १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांपैकीं वाचतां आलेल्या १२९ मध्यें अवघ्या १२ नीट पुसलेल्या निघाल्या, असें त्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलें. कित्येकांवर लोकांच्या क्रेडिट कार्डांचे क्रमांक आणि आजारपणाचीं पत्रें तशींच होतीं. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर सर्वत्र एकदां नवें लिहिलें कीं जुनें जातें. हल्लींच्या एस. एस. डी. प्रकारांत मात्र लिहिण्याची जागा डिस्क स्वतःच बदलीत असते, म्हणून बनविणाऱ्यानेंच दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी.

शाळेंतून मूल जातांना त्याच्या हातीं दाखला देण्यांत कारकुनाची पांच मिनिटें जातात. तीं वांचवावीं म्हणून कोणी दाखला दिला नाहीं, तर दुसऱ्या गांवीं एक मूल शाळेच्या दाराबाहेर उभें राहतें. आमच्या शेजारची मुलगी अकरा दिवस तशीच उभी होती. आपल्या घरांतून वा कचेरींतून एखादा जुना संगणक बाहेर जाणार असेल, तर त्या पांच मिनिटांची आठवण ठेवावी, एवढीच विनंति.