लॉगिन तुमचं, हुकूम भलत्याचा

आजचा विषय आहे सीएसआरएफ, म्हणजे क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी. नाव बोजड आहे, पण प्रकार ऑफिसात काम केलेल्या कोणालाही कळेल असा आहे.

समजा, दिल्लीच्या मुनिरका भागातल्या एका छोट्या कंपनीत अकाउंटंट बाई सकाळी ईआरपीत लॉगिन करतात. टॅब दिवसभर उघडाच. दुपारी मेलमधली एक लिंक उघडतात, पान कोरं दिसतं, बंद करतात. त्या पानात मात्र एक लपवलेला फॉर्म होता. तो आपोआप ईआरपीच्या पत्त्यावर सबमिट झाला आणि ब्राउझरने सवयीप्रमाणे लॉगिनची कुकी सोबत जोडली. सर्व्हरला वाटलं, बाईंनीच सांगितलं. पासवर्ड कोणी चोरला नाही, कुकीही कोणी पाहिली नाही.

ब्राउझर हा साहेबांचा शिपाई समजा. त्याच्या फायलीत कोणी भलताच कागद सरकवला, तरी कारकून शिपायाचा चेहरा बघून शिक्का मारतो. उपाय काय? साहेबांच्या प्रत्येक कागदावर बाहेरच्याला माहीत नसलेला खुणेचा नंबर. यालाच टोकन म्हणतात. हल्लेखोराचं पान विनंती पाठवू शकतं, पण दुसऱ्या साइटचं पान वाचू शकत नाही. त्यामुळे टोकन त्याच्या हाती लागत नाही.

हा धोका जुना आहे. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या झेलर आणि फेल्टन यांनी आयएनजी डायरेक्ट या बँकेच्या साइटवर खातेदाराचे पैसे असे हलवता येतात हे दाखवलं होतं. पुढे बहुतेक फ्रेमवर्कमध्ये टोकन आलं आणि २०१७ च्या ओडब्ल्यूएएसपी टॉप टेन यादीतून सीएसआरएफ वगळलं गेलं. लोक निर्धास्त झाले.

आता आपल्याकडचं उदाहरण. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. हिशेब, साठा, असं बरंच काही त्यात. २०२५ मध्ये त्याच्या १४.८२.१ आणि १४.७४.३ या आवृत्त्यांबद्दल सीव्हीई-२०२५-२८०६२ ही नोंद झाली. सीएसआरएफ संरक्षण नसल्यामुळे वापरकर्ता काढून टाकणं, पासवर्ड रीसेट करणं, अधिकार वाढवणं शक्य होतं, असं त्यात म्हटलं आहे. गंमत म्हणजे फ्रॅपेत टोकनची सोय आहे! पण सोय असणं वेगळं आणि प्रत्येक दारावर ती लागू असणं वेगळं.

आणि ती बंदही करता येते. साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'इग्नोर सीएसआरएफ' अशी एक ओळ टाकली की झालं. एपीआय चालत नाही म्हणून डेव्हलपर ती टाकतो, काम उरकतं, ओळ तशीच राहते. मला खरी भीती या ओळीची वाटते.

कोणी म्हणेल, हल्ली ब्राउझर सांभाळून घेतो. काही अंशी खरं आहे. २०२० पासून क्रोम, कुकीवर सेमसाइट लिहिलेलं नसेल तर ती 'लॅक्स' धरतो. मग परक्या पानावरच्या पोस्ट फॉर्मबरोबर कुकी सहसा जात नाही. पण लिंकवर क्लिक करून साइट उघडली तर जाते. म्हणजे नुसत्या लिंकने नोंद बदलत असेल, तर लॅक्स काही कामाचं नाही.

तुमच्याकडे ईआरपीनेक्स्ट असेल तर आधी आवृत्ती बघा, मग ती कॉन्फिग फाइल उघडा. आणि सिस्टम मॅनेजरचा रोल किती जणांकडे आहे ते मोजा. लहान ऑफिसात तो सरसकट सगळ्यांना दिलेला असतो. ज्याला तो खरंच लागतो, त्याने त्या कामासाठी वेगळा ब्राउझर ठेवावा आणि त्यात मेल उघडू नये.