फंडाचे सोने करताना

निवृत्तीच्या वेळी हाती पडणारा पैसा हा मध्यमवर्गीयाच्या आयुष्यातला बहुधा एकमेव मोठा पैसा. फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे. पासबुकात एवढा आकडा पूर्वी उमटलेला नसतो आणि पुढेही उमटणार नसतो. सोन्याचा भाव चढू लागल्यापासून हा पैसा घेऊन सराफाकडे जाणारी मंडळी माझ्या परिचयातच बरीच दिसू लागली आहेत. सोने घ्यावे की नाही, या वादात मी पडत नाही. आपल्या घरांतून तो आजीच्या पाटल्यांनी केव्हाच निकालात काढला आहे. प्रश्न कराचा आहे आणि तो दुकानाची पायरी चढण्याआधी सहसा कोणी विचारत नाही.

सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल तर फंडाचा पैसा करमुक्त मिळतो. त्यामुळे हा पैसा कायमचाच कराच्या कचाट्यातून सुटला, असा समज होतो. पण सूट असते ती तो पैसा मिळण्याला. त्याचे सोने झाले की हिशेब नव्याने सुरू होतो. वीस लाखांच्या वेढण्या घेतल्या तर तीन टक्के जीएसटीचे साठ हजार त्याच दिवशी गेले. दागिने घेतले तर घडणावळ वेगळी, आणि मोडताना ती कोणी परत देत नाही.

खरा कर लागतो तो विकताना. २३ जुलै २०२४च्या अर्थसंकल्पाने इथे मोठा बदल केला. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या सोन्याच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आला. पूर्वी तो वीस टक्के होता. दर उतरला म्हणून अनेकांना आनंद झाला, पण महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सोय त्याच फटक्यात गेली. समजा, कोणी २०१२-१३ साली दहा लाखांचे सोने घेतले आणि २०२४-२५ मध्ये ते चोवीस लाखांना विकले. जुन्या पद्धतीने खरेदी १८ लाख १५ हजार धरून कर १ लाख १७ हजार झाला असता. नव्या पद्धतीने तो १ लाख ७५ हजार होतो. जुन्या घरांच्या मालकांना दोन्हींतला सोयीचा हिशेब निवडण्याची मुभा मिळाली, सोनेवाल्यांना नाही.

दुसरा गैरसमज ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ या वाक्याचा. नव्या करप्रणालीतली ही सवलत सोन्याच्या या नफ्यावरील कराला मिळत नाही. शिवाय पेन्शन आणि नफा मिळून बारा लाखांच्या बऱ्याच वर गेले, तर पेन्शनवरची सवलतही हातची जाते. म्हणून सगळे सोने एका वर्षात मोडण्यापेक्षा थोडे मार्चअखेर आणि थोडे एप्रिलमध्ये विकणे शहाणपणाचे. अर्थात, इस्पितळाचे बिल मार्च-एप्रिल बघून येत नाही. आणि जुन्या बांगड्या देऊन नव्या घेणे हीदेखील कायद्याच्या लेखी विक्रीच! हे सांगितले की बायकामंडळी माझ्याकडे संशयाने बघतात.

राहिली पावती. माझ्या ओळखीच्या एका वहिनींनी यजमानांच्या माघारी त्यांनी घेतलेले सोने विकायला काढले. वारशाने आलेल्या सोन्याला मूळ मालकाचीच खरेदीची किंमत धरतात. पण पावत्यांवरची शाई पार उडून गेलेली. यजमानांनी पैसे चेकने दिले होते, म्हणून जुन्या पासबुकातल्या नोंदीवर निभावले. रोखीने घेतले असते तर खरेदीची किंमत दाखवायची कशी, हा प्रश्नच होता. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या सोन्याला त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो, नंतरच्याला ती सोय नाही. तेव्हा पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी, आणि ती लॉकरमध्ये न ठेवता घरातल्या दुसऱ्या माणसालाही सापडेल अशा फायलीत लावावी.