साखळी टिकली, पाटी रिकामी राहिली

२०२० च्या टाळेबंदीत देशाचा मासळी व्यवसाय कोलमडणार अशी भीती होती. आकडे सांगतात की तो दोन वर्षांत सावरला. पण सावरले कोण, आणि त्याची किंमत कोणी मोजली?

बाजारातून आणलेला बांगडा स्वयंपाकघरात येतो तेव्हा तो किती हातांतून आला याचा विचार फारसा कोणी करत नाही. तांडेल, खलाशी, बंदरावरचे दलाल, बर्फाचे कारखानदार, ट्रकचालक, कोळंबी सोलणाऱ्या बायका आणि शेवटी पाटी पुढे घेऊन बसलेली कोळीण, अशी ही लांबलचक साखळी आहे. धान्य कोठारात महिनोन्‌महिने राहते. मासळी मात्र बर्फाशिवाय एक दिवसही धीर धरत नाही. त्यामुळे साखळीची एक कडी निखळली तरी सारा माल वाया जातो.

२५ मार्च २०२० रोजी देशात टाळेबंदी सुरू झाली आणि या कड्या जवळजवळ एकदमच निखळल्या.

बंदरे ओस पडली

होड्या किनाऱ्याला लागल्या, लिलाव थांबले, हॉटेले बंद झाली. पोटासाठी दूरच्या बंदरात गेलेले खलाशी तिथेच अडकले. गुजरातमधील वेरावळ व आसपासच्या बंदरांत आंध्र प्रदेशातील चार हजारांहून अधिक मच्छीमार अडकून पडले होते. एप्रिलच्या अखेरीस त्यांना बसगाड्यांनी घरी पोहोचवण्यात आले. केंद्र सरकारने १० एप्रिल रोजी मासेमारी व मत्स्यशेतीला टाळेबंदीतून सूट दिली, पण सूट मिळाली म्हणून होडी लगेच समुद्रात जात नाही. त्यासाठी खलाशी लागतात, बर्फ लागतो आणि आणलेला माल घेणारे गिऱ्हाईकही लागते.

कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये देशाच्या किनाऱ्यावर सुमारे ३५.६ लाख टन मासळी उतरली होती. २०२० मध्ये ती सुमारे २७.३ लाख टनांवर आली. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा घटला.

कोळंबीने तारले

निर्यातीला मात्र एवढा फटका बसला नाही. २०१९-२० मध्ये भारताने १२.८९ लाख टन सागरी उत्पादने परदेशी पाठवली होती. २०२०-२१ मध्ये ती ११.४९ लाख टन झाली, म्हणजे सुमारे ११ टक्के घट. पुढच्याच वर्षी, २०२१-२२ मध्ये, निर्यात १३.६९ लाख टनांवर गेली आणि ५७,५८६ कोटी रुपये मिळाले. मिळकतीच्या बाबतीत तोपर्यंतचा तो विक्रम होता.

हे कसे घडले? याचे मोठे श्रेय तळ्यात वाढवलेल्या आणि गोठवलेल्या कोळंबीला जाते. वेरावळहून परतलेले मच्छीमार ज्या आंध्र प्रदेशातले, तेच राज्य या कोळंबीचे सर्वांत मोठे आगर आहे. तिथल्या उत्पादकांचीही सुरुवातीला गाळण उडाली. भाव कोसळले. ‘व्हेनामी’ कोळंबीचे पैदाशीचे नर-मादी परदेशातून विमानाने येतात, ती विमानेही थांबली. राज्य सरकारला भाव ठरवून द्यावे लागले. पण उणे १८ अंशांवर गोठवलेली कोळंबी महिनोन्‌महिने थांबू शकते, आणि तेवढ्या अवधीत तिला नवे गिऱ्हाईक सापडते. अमेरिकेत उपाहारगृहे बंद होती, तरी लोक दुकानातून गोठवलेल्या मासळीची पाकिटे घरी नेऊन शिजवू लागले. हॉटेलची वाट बंद झाली तेव्हा घराची वाट उघडी राहिली.

ताज्या किंवा जिवंत मालाला ही सवड नव्हती. चीनमध्ये जानेवारी २०२० मध्येच निर्बंध आले आणि भारतातून तिकडे जाणाऱ्या जिवंत खेकड्यांचा व्यापार ठप्प झाला. ज्या मालाला एकच बाजारपेठ आणि एकच वाट होती, तो आधी बुडाला.

आजीबाईची युक्ती

देशातही ज्यांना दुसरी वाट सापडली तेच तरले. केरळमध्ये गर्दी टाळण्यासाठी बंदरावरचे लिलाव थांबवून मासळीचे दर ठरवून देण्यात आले. शहरांत घरपोच मासळी देणाऱ्यांकडे गिऱ्हाइकांची रीघ लागली. आणि जुनी, आजीबाईंच्या काळापासूनची युक्तीही कामाला आली. सुके बोंबील, जवळा, खारवलेला बांगडा यांना ना बर्फ लागतो ना वीज. कोकणातल्या घरांत पावसाळ्यासाठी केलेली ही बेगमी त्या वर्षी उन्हाळ्यातच उपयोगी पडली.

कोळणीचे काय झाले?

पण साखळी सावरली म्हणजे साखळीतली सगळी माणसे सावरली असे नव्हे. मुंबई परिसरात पाटी घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्यातून जाणाऱ्या मासळीवाल्या बायका वर्षानुवर्षे दिसत आल्या आहेत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. जूनमध्ये ती सुरू झाली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्य स्त्रियांना प्रवासाची मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबरला, तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. मासळीचा घाऊक व्यवहार तर पहाटेच आटोपतो! दुपारच्या गाडीचा तिला काय उपयोग?

निर्यातदाराकडे शीतगृह होते, ती भाव येईपर्यंत थांबू शकणारी तिजोरीच. कोळणीकडे होती फक्त पाटी आणि बर्फाचा चुरा. संध्याकाळी उरलेली मासळी मिळेल त्या भावाने विकायची किंवा फेकून द्यायची. निर्यातीच्या आकड्यांत तिचे नुकसान कुठेच दिसत नाही.

पुढच्या धक्क्याआधी

असे धक्के पुन्हा येणारच. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरचा वाढीव कर ५० टक्क्यांवर नेला तेव्हा कोळंबी उत्पादकांच्या पोटात पुन्हा गोळा आला. २०२० मध्ये ज्या गिऱ्हाइकाने तारले, त्याच एका गिऱ्हाइकावर फार विसंबल्याचा तो परिणाम होता.

उपाय फार अवघड नाहीत. मे २०२० मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह दुचाकी, शीतगृह, मासळी विक्री केंद्र यांसाठी मदतीची तरतूद केली गेली. स्त्रियांसाठी अनुदानाचे प्रमाण ६० टक्के ठेवले गेले. पण कागदपत्रे कशी जमवायची आणि उरलेले ४० टक्के आणायचे कुठून, या प्रश्नांपाशीच अनेक गरीब स्त्रियांचे घोडे अडते. म्हणून प्रत्येक मासळी बाजारात कोळणींच्या ताब्यात एक सामाईक शीतपेटी असावी, त्यांच्या हाती विक्रेत्याचे ओळखपत्र असावे आणि अर्ज भरायला मच्छीमार सहकारी संस्थांनी त्यांना हात द्यावा. उरलेला माल एक रात्र जरी सुखरूप राहिला, तरी भाव पाडून विकण्याची पाळी तिच्यावर येणार नाही.

ज्याच्याकडे थांबण्याची सोय असते तो संकटातून तरतो, हाच २०२० चा धडा आहे. ती सोय गोदामापर्यंत पोहोचली आहे. आता ती पाटीपर्यंत पोहोचायला हवी.