प्रश्न सरळ विचारायचा
सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक म्हटलं की आठवतात योजनांचे अर्ज आणि बिलातली सवलत. पण नातेवाईक मन मोकळं करतात ते बहुधा त्यांच्याच टेबलापाशी. आत्महत्येची जोखीम ओळखायला या अधीक्षकांना शिकवायचं, ते म्हणूनच.

पहिला धडा जिभेचा. ‘तसलं काही मनात नाही ना?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी नातेवाइकांना बाहेर बसवायचं, स्टूल खाटेजवळ ओढायचं आणि पेशंटला विचारायचं, ‘जीव द्यावा, असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. तरीही जीभ अडखळते. म्हणून जोडीने बसून सराव.

आत्महत्येची जोखीम जोखणाऱ्या ‘कोलंबिया’ मापनश्रेणीची छोटी आवृत्ती सहा प्रश्नांची. सुरुवात ‘मरण आलं तर बरं’ या भावनेपासून. पुढे विचार, इरादा, बेत आणि पूर्वीचा प्रयत्न. पूर्वीचा प्रयत्न हा मोठा इशारा. मात्र नुसत्या खुणा करून भागत नाही. झोप, दारू, कर्ज, घरी सोबत कोण, हेही विचारावंच लागतं. घरी सोडण्याआधी अस्वस्थ वाटल्यास फोन कोणाला करायचा, हे पेशंटसोबत बसून लिहून काढायचं.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलिसांच्या धास्तीने घरचे ‘चुकून झालं’ म्हणतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७चं कलम ११५ असा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीला तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरतं आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं. हे त्यांना सांगायला हवं.

‘टेलि-मानस’ मदतवाहिनी : १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही.